परत मारून बघा

शेंडे सरांच्या शर्टाच्या खिशात पेनच्या जागी अळ्यांची डबी असायची. झाकणाला हवेसाठी भोकं. सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "काय, कोण गेलं का आज?" मी "नाही सर, सगळे मजेत" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. नव्या शिपायाने हे ऐकून पहिल्याच आठवड्यात बदली मागितली होती.

बारामती-इंदापूरच्या मातीत सूत्रकृमी शोधणं हे आमचं काम. डोळ्यांना न दिसणारे हे जीव उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या पोटात शिरतात आणि तिला मारतात. ते कुठल्या रानात आहेत हे कळायची रीत सोपी होती: डब्यात माती भरायची, तीत मेणकिड्याच्या पाळलेल्या अळ्या सोडायच्या आणि त्या मरायची वाट बघायची. विटेसारख्या लाल होऊन मेल्या, तर आपण जिंकलो. निवृत्तीआधी आपल्या भागातला एक तरी सूत्रकृमी हाती लागावा, एवढाच सरांनी ध्यास घेतला होता. पण माळेगावच्या मातीत अळ्या टुणटुणीत राहिल्या आणि कळसच्या मातीत तर त्यांचे पतंग होऊन ट्यूबलाइटभोवती फिरू लागले. "माहेरपणाला आल्यात लेकाच्या," सर म्हणायचे. चुकून एखादी मेलीच, तरी त्यांचं समाधान नसे. "एकदा मेली म्हणजे मेली असं नसतं. परत मारून बघा."

मग बावड्याच्या रामतात्यांच्या उसातली माती आली आणि तीत सगळ्या गेल्या. लालभडक. खात्रीसाठी त्याच रानातली आणखी माती हवी होती, म्हणून सर पेढे घेऊन निघाले, मागे मी. तात्यांनी पेढ्याला हात लावला नाही.

"तुमची पाळलेली लेकरं आमच्या रानात मेली, आन् तुमी पेढं वाटताय व्हय?"

"तात्या, हे तर तुमच्या मातीचं भाग्य आहे."

"कसलं भाग्य? तात्याच्या मातीत जीव टिकत न्हाय, असा बोभाटा झालाय गावात. आदी त्यांचा दहावा घाला. मग पायजे तेवढी माती न्या."

सर आयुष्यात सत्यनारायणालाही बसले नव्हते. आता भडकणार, असं मला वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "भात कुणी शिजवायचा?"

बांधावर अळ्यांच्या नावाने भाताचा पिंड मांडला. कावळा बाभळीवर येऊन बसला, पण शिवेना. "विच्छा राहिलीया त्यांची," तात्या म्हणाले, "कायतरी कबूल करा." सरांनी गंभीरपणे हात जोडले. "बाळांनो, पुढच्या खेपेला खायला मधाचं ताजं पोळं घालीन." कावळा ढिम्म. शेवटी सर नमस्काराला वाकले, तशी खिशातली डबी पडून उघडली आणि जिवंत अळ्या बांधावर सांडल्या. कावळा खाली आला, भात ओलांडून गेला आणि एकूण एक अळी खाऊन उडाला.

"शिवला," तात्या म्हणाले, "पोटभर शिवला." त्यांनी स्वतः खोऱ्याने माती भरून दिली.

ती माती डब्यात भरून आम्ही परत चाचणी लावली आणि त्याच आठवड्यात सर झोपेत गेले. सकाळी उठलेच नाहीत. डबा मी एकट्यानं उघडला. सगळ्या अळ्या लाल. "कोण गेलं का आज?" विचारायला समोर कुणी नव्हतं. मला रडू आवरेना.

सरांचा दहावा कऱ्हेच्या काठी झाला. तात्याही आले होते. कावळा शिवेना. मुलाने आईला सांभाळायचं कबूल केलं, भावाने घराचं राहिलेलं प्लास्टर कबूल केलं. कावळा तिकडे पाठ करून बसला. मग मी पुढे झालो. "सर, बावड्याच्या मातीत सगळ्या मेल्या. लाल."

कावळ्यानं मान वळवली. पण जागचा हलला नाही.

"मेल्या म्हनून काय झालं?" तात्या माझ्या कानाशी पुटपुटले. "परत मारून बगा म्हनत असतील."

मी हात जोडले. "परत लावतो, सर. आजच लावतो."

कावळा सरळ खाली उतरला आणि त्याने भात उचलला. तात्यांनी धोतराला डोळे पुसले आणि पायाशी ठेवलेली जड पिशवी माझ्या हातात दिली. तीत त्यांच्या उसातली माती होती.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले. "म्हनून येतानाच आनली."