गोड्या विहिरीला लागलेला पंप

त्या वर्षी माझी श्रद्धा डळमळली होती, असं म्हटलं तर खोटं होईल. उलट ती फारच जोरात होती, आणि तीच भानगड होती. रोज संध्याकाळी रोझरी, चर्चमधली रविवारची मिस्सा कधी चुकवायची नाही, आणि मनात ध्यास मात्र एकच: जावेच्यासारखा स्लॅबचा बंगला.

मिस्टर तेव्हा आखातात नोकरीला होते. गास गावातली आमची केळीची वाडी मीच बघायचे. नव्वदच्या दशकात जवळच नालासोपाऱ्यात इमारती धडाधड उभ्या राहत होत्या, पण नळाला पाणी नव्हतं. एके दिवशी एक टँकरवाला दारात आला. माणूस गोडबोल्या. म्हणाला, "ताई, तुमची विहीर म्हणजे देवाचं देणं. बिल्डिंगमधल्या बायका पाण्यासाठी रडतात. तहानलेल्याला पाणी द्या, असंच सांगतो ना तुमचा येशू?" येशूचं नाव ऐकलं आणि मी विरघळले. सैतान शिंगं लावून आला असता, तर काठी घेऊन हाकलला असता. तो प्रभूचं वचन घेऊन आला, म्हणून मी त्याला चहा पाजला.

टँकरमागे रोख पैसे ठरले आणि मोठा पंप बसवला. आमच्याकडे नवीन काही घेतलं की फादरांकडून आशीर्वाद घेतात. मी फादरांना बोलावलं आणि पंप वाडी शिंपायला आहे, असं सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी विश्वासाने त्यावर पवित्र पाणी शिंपडलं. मला जरा टोचलं, पण रोजचे टँकर वाढत गेले तसं टोचणं थांबलं. बंगल्याचा पाया भरला. केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या, तर मी उन्हाला बोल लावला.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता. मांस वर्ज्य, म्हणून मासळीची वाट बघत होते. नेहमीची कोळीण आलीच नाही. समुद्रकाठच्या कळंबहून एक अनोळखी म्हातारी पाटी घेऊन आली, घामाघूम झालेली. मी माठातलं पाणी दिलं. तिने एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"बाय, ह्ये पानी मचूळ लागतंय गो. आमच्या विहिरी अशाच खाऱ्या झाल्या. रोज पिनाऱ्याला समजतंच नाय."

मला रागच आला. आमची विहीर आख्ख्या गावात गोड! ती गेल्यावर लांबच्या आळीतून तांब्याभर पाणी आणलं. आधी ते प्यायले, मग आमचं. पंपाने गोडं पाणी उपसलं तसा समुद्राचा खारटपणा थेंबाथेंबाने आत शिरला होता आणि माझ्या जिभेला पत्ता नव्हता. जिभेलाच कशाला, मनालाही नव्हता. ओट्यावर बसून ढसाढसा रडले. "प्रभू, मला वाटलं मी तुझंच काम करतेय," एवढंच म्हटलं. उत्तर ऐकू आलं नाही, पण काय करायचं ते लख्ख कळलं.

दुपारी टँकर आला तेव्हा मी फाटकाला कुलूप लावून आत उभी होते. त्याने आधी लाडीगोडी लावली, मग बंगला अर्धवट राहील म्हणून घाबरवलं, शेवटी पुन्हा येशू काढला. "तहानलेल्यांचं काय, ताई?"

आवाज कुठून आला देव जाणे. "बायकांना सांगा, हंडे घेऊन या. पाणी जरा मचूळ आहे, तेही सांगा. रहाट आहे, ओढायला मी आहे. फुकट. टँकर मात्र या फाटकातून आत येणार नाही."

त्याने टँकर वळवला आणि निघून गेला. देवा, काय आनंद झाला मला! इतकी ताठ मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते.

शनिवारी फादरांपुढे पापनिवेदन केलं, पंपाच्या थापेसकट. आळीतल्या आणखी चार घरांनीही टँकरसाठी बसवलेले पंप उतरवले. दोन पावसाळे गेले आणि विहीर पुन्हा गोड झाली. त्या म्हातारीला शोधायला मी कळंबला जाऊन आले. कुणालाच ती ठाऊक नव्हती. ती कोण होती यावर मी डोकं चालवत नाही. कुणी देवाचं नाव घेऊन काही मागितलं, की आता आधी गप्प बसते आणि ते देवापुढेच ठेवते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. तेही त्यानेच शिकवलं.

बंगला झाला नाही. सकाळी बिल्डिंगमधल्या बायका हंडे घेऊन येत, त्यांच्या हसण्याने मला जाग येई, आणि जुन्या कौलांखाली पडल्या पडल्या मी म्हणे, प्रभू, केवढं दिलंस मला.