मामाचे देव, भाच्याचा मुक्काम

भाजीवालीने आपणहून कोथिंबीर दिली, तर लवू परब जुडी सोडून बघतो. अशा माणसाने घाटकोपरच्या भटवाडीतली आपली खोली भाड्याने दिली, तीही सख्ख्या भाच्याला! मी समोरच राहतो, म्हणून सगळा तमाशा मला फुकटात बघायला मिळाला.

लवू स्वतः बायकोसोबत मुलुंडला राहतो. खोली मागायला त्याची बहीण सोनूबाई आली होती. अकरा महिन्यांचा करार करू, असं लवूने म्हणताच ती उसळली, "भाच्याकडसून कागद करून घेतंस? तुका लाज वाटणा नाय?"

लाज वाटली. कागद राहून गेला. पण लवू काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. खोलीतले आपले देव त्याने हलवलेच नाहीत. जिथे माझे देव तिथे माझा ताबा, हा त्याचा कायदा. रोज सकाळी सातला स्वारी मुलुंडहून पूजेला हजर. भाचा नितेश दाढी करतोय, त्याची बायको अक्षता डबे भरतेय आणि हा घंटी वाजवत तिरक्या नजरेने बघतोय. हे कपाट कधी आलं? भिंतीत खिळा कोणी मारला? दोन वर्षं अक्षताने ते निमूट सोसलं. मी तिच्या जागी असतो तर घंटी लपवून ठेवली असती.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. बिल्डरची माणसं दारोदार फिरून कोणती खोली कोणाची ते लिहून घेणार होती. नेमकं त्याच आठवड्यात लवूला देव्हाऱ्यापाशी अक्षताचं नवीन आधार कार्ड दिसलं. पत्ता ह्याच खोलीचा.

"ह्यो पत्तो कित्या?"

"मामा, पोरीच्या शाळेला लागतो ना," नितेश म्हणाला. "खोली तुमचीच आहे. सर्व्हेच्या दिवशी मी रजा टाकून बसतो, तुमचे पेपर दाखवतो. टेन्शन नको."

भाचा रजा टाकून बसणार, हे ऐकूनच लवूचा धीर सुटला. आठ दिवसांत त्याने त्यांना बाहेर काढलं. नितेश मानखुर्दला गेला. जाताना अक्षता रडली, तेव्हा मला लवूचा मनापासून राग आला. देव मुलुंडला गेले, दाराला दोन कुलपं लागली.

सर्व्हेवाले सांगितलेल्या तारखेच्या आधीच उगवले. मी लवूला फोन केला; मी भाच्याला सामील, असा त्याचा संशय, म्हणून त्याने उचलला नाही. मग मी नितेशला कळवलं. त्याने मामाला पाच वेळा फोन लावला. हा खोली परत मागतोय, असं धरून लवूने फोनच बंद केला. खोली लवूची, भाचा नुसता राहायला होता, असं मी सर्व्हेवाल्यांना सांगितलं, पण शेजाऱ्याचा शब्द चालला नाही. दारावर खडूने लिहिलं गेलं : 'बंद'.

बिल्डरच्या ऑफिसात लवूला सांगितलं, तिथे राहून गेलेल्या भाच्याकडून आधी लिहून आणा, की खोली तुमची आणि त्याचा काही हक्क नाही. नाहीतर नवीन घर विसरा.

साक्षीला मला घेऊन तो मानखुर्दला गेला. नितेशने कागद वाचलाही नाही, सही केली आणि विचारलं, "अजून कुठे करायची आहे का, मामा?"

लवूने नकारार्थी मान हलवली. मग कागद घेऊन तो खिडकीपाशी उजेडात गेला, खिशातून नितेशच्या पॅन कार्डची झेरॉक्स काढली आणि दोन्ही सह्या ताडून बघू लागला.