तीन खाचांचा खोटा रुपया

लोक खरे रुपये साठवण्यात जन्म घालवतात. मी खोटे साठवले, आणि त्यापायी पाच मुलींच्या बापांनी मला नाकारलं.

पौडच्या शाळेत मी मास्तर होतो. आमचं घर मेंढरांमागं हिंडणाऱ्या धनगरांचं. त्यात मराठी सातवी पास होऊन खुर्चीवर बसलेला मी पहिलाच, म्हणून मला जरा जास्तच शिंगं फुटली होती. पहिल्याच पगारातला एक राणीछाप रुपया वाण्यानं दगडावर आपटला. खणकन वाजायचा तो बद्दकन वाजला. “मास्तर, शाळेत हेच शिकवता काय?” वाणी म्हणाला आणि दुकानातली सगळी माणसं फिदीफिदी हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच घरी आलो, अंगणात उन्हात रुपया धरला आणि राग कुठल्या कुठं पळाला. त्यावरची राणी थेट माझ्या आत्यासारखी दिसत होती! तेच फुगलेले गाल, तेच रुसलेलं नाक. साचा करणाऱ्यानं राणी काही जवळून पाहिली नसणार, बिचाऱ्यानं आपल्या घरातलीच कुणी बाई समोर बसवली असणार. त्या दिवसापासून मला हा नाद लागला.

धरणाच्या कामामुळं मुळशीकडं तेव्हा रोकड खेळत होती. मजुरीचा वार आला की पौडच्या बाजारात चांदीचे रुपये फिरायचे आणि त्यांच्या आडोशानं शिशाचेही. मास्तर चार आण्याला खोटा रुपया विकत घेतो, ही बातमी पसरायला किती वेळ लागतो? माणसं शाळेच्या पायरीवर येऊन उभी राहायची. “मास्तर, ह्यो बघा, लई खोटा हाय. आठ आणं द्या की!” मग मी गंभीर चेहरा करून तपासायला बसायचो. शिसं-कथील ओतून केलेल्यावर नखाचा ओरखडा उठतो. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेला असला, तर काठाशी तांबूस दिसतं. खरा रुपया बरोबर तोळाभर भरतो, आणि त्याच्या काठावर बारीक रेघा असतात. खोटं करणारा कितीही हुशार असो, त्या रेघा काढताना कंटाळतोच. माझ्या शाळेतली पोरंही शुद्धलेखनाला तशीच कंटाळायची, त्यामुळं मला त्या कारागिरांचा राग यायचा नाही. पाटलानं एकदा बजावलं, “मास्तर, फौजदारानं तुमचा खोट्या रुपायांचा डबा बघितला तर तुमालाच आत टाकंल.” मी म्हटलं, हा अभ्यास आहे. पाटील म्हणाला, “व्हय, समदे चोर असंच म्हंत्यात.”

माझ्या डब्यातला राजा म्हणजे एक राणीछाप रुपया. बाजारातल्या तेलिणीकडून मी तो चक्क बारा आण्याला घेतला होता. त्याच्यावरच्या राणीचा चेहरा बिनचूक होता, वजनात तो जेमतेम दोन गुंजा कमी, आणि काठावरच्या रेघाही सगळ्या काढलेल्या. फसायचा तो फक्त आवाजात. शिवाय त्याच्या काठाला तीन खाचा होत्या, दोन उभ्या आणि त्यांच्याखाली एक तिरकी. वर्षभर मी त्या खाचांवर डोकं शिणवलं. शेवटी ठरवलं, ही टोळीची गुप्त खूण. टोळीत तिघं असणार. त्यातला तिसरा फितूर झाला असणार, म्हणून त्याची खाच तिरकी. हे मी चांगलं दोन पानं लिहून काढलं होतं आणि सोनाराला वाचूनही दाखवलं होतं. सोनार चांगला माणूस होता, तो जांभई लपवून ऐकायचा.

आईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. मी सव्वीस वर्षांचा घोडा झालो होतो, आणि जिथं बोलणी करायला जावं तिथं आमच्याआधी माझी कीर्ती पोचायची. खोट्या नाण्यांच्या मास्तराला पोरगी कोण देणार? सहावं स्थळ माले गावचं आलं, तेव्हा आई म्हणाली, “ह्या खेपंला मोडलं तर मी आपली मेंढरांमागं निघून जाईन. तू बस तुज्या राणीसंगं.”

माल्याला मुलगी बघायला गेलो. मुलीच्या बापाचा मेंढरांचा मोठा कळप होता, आणि चिडका म्हणून साऱ्या खोऱ्यात त्याचं नाव होतं. माझ्या चुलत्यांनी मुलीला विचारलं, “मेंढरं मोजता येत्यात का?” ती म्हणाली, “मोजत न्हाई, वळखते. मोजणाऱ्याचीच हरवत्यात.” चुलत्यांनी चंची उघडून पान काढलं. मी तर पार गारद झालो. एरवी बायकांपुढं माझी दातखीळ बसायची, पण परतीच्या वाटेवर मी आईला स्वतःहून सांगितलं की, करीन तर हिच्याशीच. हे स्थळ मोडलं असतं तर मी कायमचा एकटा राहिलो असतो, एवढं मला त्या दिवशी पक्कं कळलं होतं.

सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्यात अशी रीत, की मुलाच्या आईनं मुलीच्या तळहातावर कुंकू लावलेला रुपया ठेवायचा. मुलीच्या बापानं तो जोत्याच्या दगडावर वाजवायचा, पंचांनी आवाज ऐकायचा, आणि मगच सुपारी फोडायची. माझ्या मनात काही धाकधूक नव्हती. माझा डबा घरात फळीवर होता आणि चांगले रुपये आईच्या गाडग्यात होते.

पंच बसले. आईनं कनवटीचा रुपया काढला, कुंकू लावलं आणि मुलीच्या तळहातावर ठेवला. मुलीनं खाली पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, लाजली. बापानं रुपया उचलून दगडावर टाकला.

बद्द!

आणि मी, सातवी पास गाढव, मोठ्यानं ओरडलो, “अरे, हा तर माझा सगळ्यात चांगला!”

मग जे उसळलं ते विचारू नका. आई रडायलाच लागली. गाडग्यातले खरे रुपये वापरून काळे पडले होते, आणि माझे खोटे मी चिंचेनं घासून लख्ख ठेवलेले. शुभकार्याला काळा रुपया कसा न्यायचा, म्हणून माउलीनं डब्यातला सगळ्यात चकचकीत तेवढा उचलला होता. पण ते ऐकून घ्यायला कोण तयार होतं! मुलीचा बाप काठी आपटत उभा राहिला. “माज्या पोरीच्या हातावर बद्द रुपाया? फसवायला आलाय व्हय? पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात खोटं नाणं शिरलं न्हाई! उठा, हितनं उठा!” पंच पागोटी सावरत उठायला लागले.

एवढ्यात माणसांच्या गलक्यानं बुजून मेंढवाड्यातली दोन मेंढरं कुंपण ओलांडून अंगणात घुसली. एक थेट माझ्या गुडघ्याला येऊन धडकलं. मी त्याला धरायला वाकलो आणि माझं लक्ष त्याच्या कानाकडं गेलं. दोन खाचा उभ्या, त्यांच्याखाली एक तिरकी. दुसऱ्याचा कान बघितला, तिथंही तेच. कुठली टोळी आणि कुठला फितूर! आमच्यातला प्रत्येक जण आपल्या मेंढरांच्या कानाला आपली खूण करतो. मुलीच्या बापाच्या गळ्यात कुणीतरी हा रुपया बांधला होता, आणि तो पुन्हा फिरून आपल्याकडं आला तर ओळखू यावा म्हणून ह्यानं सवयीनं त्याच्या काठावर तीच खूण केली होती. स्वतःच्या कळपाची खूण खोट्या रुपयाला करून तो बाजारात तेलिणीच्या गळ्यात मारला होता!

वर्षभराचं कोडं सुटलं होतं. पुरावा समोर बें बें करत उभा होता. पंच होते, आणि हा माणूस माझ्या आईला सगळ्यांदेखत फसवी म्हणत होता. देवा, माझी जीभ नुसती वळवळत होती! शाळेत काना-मात्रा चुकली तरी मी गप्प बसत नाही. मी तोंड उघडलं आणि दारात उभ्या असलेल्या तिच्याकडं माझी नजर गेली. ती मेंढराच्या कानाकडं बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण विनवणी मात्र नव्हती.

मी तोंड मिटलं. मग पुन्हा उघडून म्हणालो, “मामा, चूक माझी आहे. असली नाणी घरात ठेवायलाच नको होती. आईला बोल लावू नका, मला काय बोलायचं ते बोला.” आणि पंचांसमोर, पौडचा मास्तर असून, मी माझे दोन्ही कान धरले.

तो बोललाही. चांगलं पोटभर बोलला. पंचांना दाखवायला म्हणून त्यानं रुपया वर धरला, फिरवला, आणि त्याचा अंगठा खाचांवर आला. बोलता बोलता तो थांबला. त्यानं अंगठा पुन्हा फिरवला. माझ्याकडं पाहिलं, मेंढराकडं पाहिलं. त्याच्या कानशिलावरून घाम उतरताना मला दिसला.

“बसा मंडळी,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “चुकतं मानसाचं. दुसरा रुपाया काडा.”

चुलत्यांनी आपल्या चंचीतला काळाकुट्ट रुपया काढला. तो असा खणखणीत वाजला की आई रडता रडता हसली. सुपारी फुटली.

लग्नानंतर महिन्याभरानं, दुपारी भाकऱ्या थापता थापता बायकोनं विचारलं, “त्या दिशी तुमास्नी कळलं हुतं नव्हं?”

“कळलं होतं,” मी म्हटलं. “आणि मी बोललो असतो तर? मामांनी पंचांपुढं मान खाली घालून सुपारी फोडलीच असती की. काम लवकर झालं असतं.”

“बानं फोडली असती,” ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. “मी आले नसते.”