सुतळीनं मोजलेला देव

ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीपर्यंत कळलं नाही आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षरही वाकडं आहे, कारण लग्नानंतर हातात पेन कमी आणि खुरपं जास्त आलं. कुणी वाचलंच तर माफ करावं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून या वहीत लिहिते.

आमचं शेत माळाच्या उतारावर आहे. शेताच्या वरच्या अंगाला एक काळा गोल दगड आहे, त्याला गाव शेंदूर लावतं. मी नवी नवरी म्हणून पाया पडायला गेले तेव्हा तो माझ्या पोटरीला लागायचा. पुढं गुडघ्याच्या वर गेला. देव वाढतोय, असं सगळे म्हणायचे.

दर चैत्रात देव मोजायचा रिवाज आहे. मातीपासून शेंड्यापर्यंत सुतळी धरायची, गेल्या वर्षीच्या सुतळीशी ताडायची, बोटभर जास्त भरली की हलगी वाजवायची. ज्या वर्षी पाऊस धुवांधार, त्या वर्षी देव जास्त वाढायचा. देवाला पाणी मानवतं, असं ठरलं होतं. शेजारच्या लिंबाच्या मुळ्याही तशाच वर आल्या होत्या, पण लिंबाला कुणी सुतळी लावली नाही.

उन्हातान्हानं देवाच्या अंगाचे पापुद्रे सुटायचे, कांद्याचे सुटतात तसे. चोळले की हातात भुगा. देव कात टाकतो म्हणून बायका ते पापुद्रे धान्याच्या कणगीत ठेवायच्या. म्हणजे देव झिजत होता आणि वाढतही होता, आणि दोन्हीला नारळ फुटत होता.

सुतळी धरायचा मान निवृत्त गुरुजींचा. माझ्या लेकीला त्यांनीच शाळेत शिकवलं होतं की ऊन, वारा, पाण्यानं खडक फुटतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते आणि ती पाण्याबरोबर खाली जाते. लेक मोठ्यानं पाठ करायची आणि मी भाकरी थापता थापता ऐकायची. चैत्र आला की गुरुजींचा खडक पुन्हा वाढायला लागायचा.

आमची ज्वारी मात्र दरसाल खुजी होत चालली होती. नांगराला मुरूम लागत होता. मी मालकांना म्हटलं, देव वर येत नाही, आपली माती खाली चाललीय, असंच चाललं तर पोरांना नुसता माळ राहील. ते म्हणाले, "जा मग, पारावर सांग." मी जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

पारावर गेले नाही, बचत गटात गेले. ताल, म्हणजे माती अडवायला दगडांचा बांध, घालायला कर्ज पाहिजे, असं इतकं हळू सांगितलं की अध्यक्षीणबाईंनी तीनदा विचारलं. कर्ज मिळालं. देवाच्या खालच्या अंगाला, उताराला आडवा, दगडांचा ताल रचून घेतला. पावसाळ्यात वरून वाहून येणारी माती तालाला अडून बसायला लागली. देवाच्या पायाशीही साचली.

चैत्रात गुरुजींनी सुतळी धरली. गेल्या वर्षीची सुतळी खाली चांगली चार बोटं उरली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा धरली. हलगीवाल्याचा हात वरच राहिला. मग एक जण म्हणाला, हिच्या तालानं देव कोंडला. दुसरा म्हणाला, पाडा तो आत्ताच्या आत्ता. दोघं तर दगड उचलायला वाकलेही. मालक लिंबाकडं बघत उभे राहिले. ताल गेला असता तर मातीही गेली असती आणि कर्ज तेवढं राहिलं असतं.

मी पदर नीट केला आणि म्हटलं, "गुरुजी, इतकी वर्सं देव उभाच व्हता. आता बसलाय."

गुरुजींनी तालाकडं पाहिलं, साचलेल्या मातीत काठी खुपसून पाहिली. त्यांना सगळं कळलं, हे मला दिसलं. पण दरसालचा मान त्यांनाही सोडायचा नव्हता. ते म्हणाले, "व्हय. बसलाय. उभ्या देवापरीस बसलेला देव बरा, लई दिवस टिकतो."

हलगी वाजली. तेव्हापासून सुतळी जेवढी कमी भरते तेवढा जोरात गजर होतो, देव निवांत बसला म्हणून. दगड उचलायला वाकलेले ते दोघं आता नवसाचा एकेक दगड आणून तालावर ठेवतात. बांधकाम फुकट चालू आहे.

तालाच्या वरच्या पट्ट्यात यंदा तूर लावली. माझ्या खांद्याला लागेल एवढी झाली. मालकांनी ती कळंबच्या बाजारात नेऊन विकली आणि पैसे न बोलता माझ्या हातात दिले. गटाच्या बैठकीत शेवटचा हप्ता व्याजासकट ठेवला. अध्यक्षीणबाईंनी मोजला आणि म्हणाल्या, "बाई, तुझ्याकडं आता काईच न्हाय राहिलं." कर्ज पुरतं फिटलं.