अमरावती ते अकोला: हेल्मेटातले एक पाठमोरे निवेदन

कन्येच्या नोंदणीविवाहास मी अनुपस्थित राहिलो, त्यास वर्ष लोटले. चार दिवस माहेरी राहून रेवती अकोल्यास परत निघाली, तेव्हा मोटारसायकलने पोहोचवण्याचा प्रस्ताव मीच मांडला. आमच्या घराण्यात समोरासमोर क्षमा मागण्याची प्रथा नाही. दुचाकीवर मात्र बाप पाठमोरा असतो. तदर्थ परस्परांशी बोलणारी दोन हेल्मेटे खरेदी केली.

सकाळी आठला प्रस्थान. बडनेऱ्यापर्यंत संभाषण सुरळीत चालले. पुढे महामार्गावरील वाऱ्याने माझ्या वयस्क श्रवणेंद्रियांचा पराभव केला. थांबलो, माझ्या हेल्मेटाच्या छिद्रात जुन्या इअरफोनची पिन खोवली, बोंडे कानात घातली, लोंबती वायर जर्किनात कोंबली. आवाज घंटेसारखा स्वच्छ आला.

"बाबा, काहून नाही आले तुमी माह्या लग्नाले?"

लोणीपासून मूर्तिजापूरपर्यंत मी उत्तर दिले. अहंकार, लोकापवाद, त्या दिवशी कपडे करून दारापर्यंत येऊन परत फिरलेली माझी पावले, सर्व सांगितले. शेवटी म्हणालो, "चुकलो मी, पोरी."

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "राहू द्या."

मूर्तिजापूरला तर्रीपोहे उत्तम मिळतात, असे सांगतात. मला चव लागली नाही. क्षमा नाकारली गेल्यावर मनुष्य तर्रीचे परीक्षण करू शकत नाही.

अकोल्यात शिरताना विचारले, "डावीकडे की सरळ?" उत्तर नाही. वळण चुकले. गाडी थांबवून मी चिडलो.

"तुमी विचारलंच कुठं?" ती म्हणाली. "बडनेऱ्यापासून गाडीवर एक शब्द बोलले नाही तुमी."

जवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात हेल्मेट दाखवले; दुकानदार रहीमभाईंनी पिन उपसून पाहिली. "साहेब, या इअरफोनले सोताचा माइक हाय. हा लावला का हेल्मेटचा बंद. तुमचा आवाज जर्किनातच घुमून राहिला होता."

रेवती माझ्याकडे वळली. "म्हंजे बोलून राहिले होते? काय बोलले?"

समोर तिचा चेहरा होता. "लोणीजवळ गतिरोधक आहे म्हटलं," मी उत्तरलो.

ती गाडीकडे वळली. "बरं."

दारात जावई चहाचा आग्रह करीत होते. उशीर झाल्याची सबब सांगितली. अकरा वाजले होते. तिने हेल्मेट काढून मागच्या सीटला स्वतः बांधले.

इच्छुकांसाठी: रस्ता चौपदरी, जाण्यायेण्याचे पेट्रोल पाचशेत, इअरफोन माइकविरहितच घ्यावेत.

दोन्ही हेल्मेटे आता घरी फळीवर शेजारी आहेत. काल चालू केली. क्षणात परस्परांना जोडली गेली. एक डोक्यात घालून मूर्तिजापूरजवळचे ते शेवटचे वाक्य पुन्हा बोलून पाहिले. दुसऱ्यातून शब्दन् शब्द स्पष्ट आला. वाक्य काही फार लांब नव्हते.