मोठा कोण, बाबा की काका

बोर्डीला एका चिकूवाडीत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. तिथले मालक मला म्हणाले, "स्पेनचे पाहुणे वाढलेत. स्पॅनिशची परीक्षा पास हो, काउंटर तुझं." म्हणजे आमच्या कैनाडहून बसने जाऊन तिथली भांडी घासणं बंद! मी मोबाईलवर क्लास लावला. नक्कल करायची खोड लहानपणापासूनची, त्यामुळे मॅडमचा गडगडणारा 'र' पहिल्याच आठवड्यात उचलला.

तोंडी परीक्षेला विषय आला, घरात कोण कोणापेक्षा मोठं. सोपं होतं. 'मायोर' म्हणजे मोठा, 'मेनोर' म्हणजे धाकटा. मी अंगणात कोंबड्यांसमोर घोकत बसले, "मि पाद्रे एस मायोर के मि तिओ." माझे बाबा काकापेक्षा मोठे आहेत.

काकाने अर्थ विचारला. मी सांगितला. तिथंच चुकलं.

"कोण म्हणतो तुझा बाप मोठा?"

"आधार कार्ड बघ की!" बाबा घरातून ओरडले.

दोन्ही कार्डांवर तारीख एकच, एक जून. वर्षपण तेच. दोघांना एकाच दिवशी शाळेत नेऊन बसवलेलं, आणि गुरुजींनी अख्ख्या पाड्याला दिली तीच तारीख यांनाही देऊन टाकली. आमच्या पाड्यात सगळ्यांनी वाढदिवस करायचा ठरवला तर डहाणूतले केक संपतील.

"मी चालायला लागलो तेव्हा हा पाळण्यात होता!"

"पाळण्यात तू होतास. झोका मी देत होतो!"

खरं सांगणारं कोणी उरलेलं नाही. आणि आवणीला भाताच्या रोपांची पहिली मूठ घरातल्या मोठ्याने लावायची असते. दरवर्षी दोघं एकदमच वाकतात.

परीक्षेच्या दिवशी मी अंगणात बसले, कारण रेंज तिथंच. समोर मोबाईलवर मॅडम, मागे बाजेवर हे दोघं. मी वाक्य म्हटलं मात्र, काका गरजला, "नो! यो मायोर!" मी मोठा!

"मेनोर! तू मेनोर!" बाबा.

माझं घोकणं कोंबड्या सोडून यांनाच पाठ झालेलं. गेलं काउंटर!

मॅडमनी स्पॅनिशमध्ये विचारलं, "हे जुळे आहेत का?"

पाठ केलेलं सगळं उडालं. मग मला जे येतं तेच केलं. मान तिरकी करून काका झाले, नसलेल्या मिशीला पीळ देऊन बाबा झाले, आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये अख्खं भांडण करून दाखवलं. पाळणा, गुरुजी, एक जून, सगळं. शेवटी मॅडमच्याच आवाजात निकाल दिला, "तिएनेन ला मिस्मा एदाद, सेन्योरेस!" दोघांचं वय सारखंच, महाशय!

मॅडम चष्मा काढून डोळे पुसत होत्या. हसू आवरल्यावर मराठीत म्हणाल्या, "पास. पण उच्चार काकांचे जास्त चांगले आहेत हां."

सोमवारी काउंटरवरचा पहिला दिवस. बसपर्यंत सोडायला दोघंही आले, माझा डबा कोणी धरायचा यावरून वाटभर भांडत.