प्रयोगशाळा मागणारे शेठजी

कोणाकडे मयत झाली की शेठजी दुकानातून उतरत, टोपी घालत आणि त्या घरी जाऊन भिंतीला टेकून बसत. मग कर्त्या माणसाच्या कानाशी वाकून विचारत, "कोणता ताप होता?"

लोकांना राग यायचा. एका म्हातारीने तर सुनावलंच, "ताप होता, शेटजी. तापासारखा ताप. रडू द्या आता." शेठजी उठले. दाराबाहेर आल्यावर मला म्हणाले, "इन्स्पेक्टर, याइलेही नाई मालूम, कोनता ताप होता ते."

मी आर्वीच्या नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होतो आणि ते आरोग्य समितीचे सभापती. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. तिथे त्यांनी सांगितलेला भाव हाच शेवटचा भाव. असा माणूस सरकारी कचेऱ्यांच्या व्हरांड्यात हात जोडून उभा राहिलेला पाहिला असता, तर तुम्हालाही माझ्यासारखंच अवघडल्यासारखं झालं असतं.

त्यांचं मागणं एकच होतं. आर्वीत एक लहानशी प्रयोगशाळा व्हावी. तिथे रक्त तपासावं, विहिरींचं पाणी तपासावं आणि कोणत्या वस्तीत कोणता रोग का येतो हे शोधायला शिकलेला माणूस नेमावा. पालिकेच्या तिजोरीत रस्त्यावरच्या दिव्यांचंही भागत नव्हतं. म्हणजे सरकारी अनुदान हवं.

ठराव आला तेव्हा सभेत हशा पिकला. एक सभासद म्हणाले, "सडकेले गिट्टी नाई, आन् याइले दुर्बीण पाहिजे."

शेठजीही हसले. "दुर्बीण लांबचं पाह्यले असते, भाऊ. मले जवळचं पाह्यचं आहे."

ठराव पास झाला, आणि आमच्या तेव्हाच्या राजधानीच्या, नागपूरच्या खेपा सुरू झाल्या.

अशाच एका खेपेत, मोटारीच्या खडखडाटात, त्यांनी मला मुलीचं सांगितलं. "बाळंतपणाले घरी आलती. ताप भरला. एक डॉक्टर म्हने मलेरिया, दुसरा म्हने टायफाईड. तिसऱ्याले बोलवाले मानूस गेलता, तवाच ती गेली. कोनाची दवा बरोबर होती, मले आजही मालूम नाई." मग शिदोरी सोडून त्यांनी अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली.

तिथले आरोग्य खात्याचे साहेब म्हणत, "पालिकेने गटारं पाहावीत. संशोधन हे तुमचं काम नाही."

"मग तुमी करा, साहेब. पन आर्वीत येऊन करा."

खूप हेलपाटे झाल्यावर साहेब विरघळले. त्यांनी शिफारस लिहिली. त्या दिवशी शेठजींनी सगळ्या समितीसाठी संत्र्याची बर्फी घेतली, आणि वाटेत पुडा मांडीवरून खाली ठेवला नाही.

मग छप्पन साली राज्यांची फेररचना झाली. नागपूरची राजधानी गेली, आम्ही मुंबई राज्यात आलो. कागदांचे काही गठ्ठे जुन्या राज्याच्या नव्या राजधानीला, भोपाळला गेले, काही मुंबईला. आमचा कुठे गेला हे कोणालाच सांगता येईना. "नव्याने अर्ज करा," एवढंच उत्तर मिळालं.

पुढे पावसाळा सरता सरता कोष्टीपुऱ्यात, विणकरांच्या वस्तीत, ताप आला. पोरं जाऊ लागली. पालिकेच्या डॉक्टरांनी रक्ताचे नमुने घेतले आणि मी ते घेऊन नागपूरला निघालो. मोटार वाटेत बंद पडली. उन्हात ताटकळत बसलो, बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून. नागपूरच्या प्रयोगशाळेने कळवलं, नमुने खराब झाल्यामुळे तपासता आले नाहीत.

हे सांगायला शेठजी, डॉक्टर आणि मी कोष्टीपुऱ्यात गेलो. एका विणकराचा थोरला मुलगा गेला होता, धाकटा खाटेवर होता. बापाने विचारलं, "काय निंघालं, शेटजी?"

"नाई निंघालं."

"मंग लहान्याले काय देऊ?"

धाकटाही वाचला नाही.

त्यानंतर शेठजींचं दुकानात लक्ष लागेना. पुलगावहून आगगाडी धरून ते एकटेच मुंबईला गेले. परत आले तेव्हा आवाज बसला होता. "आर्वी कुठं आहे हेच सांगत राह्यलो, इन्स्पेक्टर. ते समजलं तवा कचेरी बंद झाली. दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब होते."

पुढच्या निवडणुकीत ते पडले. समोरच्याने पक्क्या सडकेचा शब्द दिला होता. "बरोबर आहे लोकाइचं," शेठजी म्हणाले. "सडक दिसते." सभापतीपद गेल्यावरही ते अर्ज पाठवत राहिले. पण आता कोणती कचेरी त्यांना उत्तर देणार? उन्हाळ्यात दुकानातल्या गादीवर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि ते गेले.

मग एके दिवशी, कुणी कळवलेलं नसताना, शेठजींच्या कुठल्याशा अर्जावरून मुंबईहून एक अधिकारी प्रयोगशाळेसाठी जागा पाहायला आले. मी पालिकेच्या आवारातली रिकामी खोली दाखवली. "जागा बरी आहे," ते म्हणाले. "सभापती कुठे आहेत?" नवे सभापती शेतावर गेले होते. "त्यांना कळवायला सांगा. विचार करू." आणि दुपारच्या मोटारीने ते परत गेले.

संध्याकाळी मी शेठजींच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. साहेब येऊन गेल्याचं सांगितलं.

"काय म्हनले?"

"विचार करू म्हणाले."

"बसले होते काय घडीभर?"

"नाही. मोटारीची वेळ झाली होती."

काकूंनी सूप बाजूला सारलं. "हे तं त्याइच्या दारात दिवस दिवस बसत," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन माझ्यासाठी सतरंजी घेऊन आल्या.